सातवीच्या पोरांना लांडगा विचारला, काय काय निघालं बघा

खडूफळा | सोम, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. नेहमी नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. मी इंदापूर तालुक्यात जि.प. शाळेवर आहे. शाळेच्या कंपाउंडमागं लगेच माळ सुरू होतो, कुसळी, पवन्या, मधेच बाभळ नि हिवर, आणि त्या माळावर लांडगे आहेत, गावात कुणालाही विचारा.

तर अन्नसाखळी शिकवून झाली आणि मी सातवीला म्हटलं, एक कागद घ्या, मार्क नाहीत, डोक्यात येईल ते लिहा. लांडगा पाहिलाय का, केवढा असतो, काय खातो, कुठं राहतो, समोर आला तर काय कराल, आणि तो सगळाच संपला तर काय बिघडेल. खाली चित्र काढा.

कागद घरी आणून वाचले आणि बायकोला पण वाचून दाखवले. केवढा असतो तर वाघाएवढा, एकाने लिहिलंय "आमच्या खोंडापेक्षा मोठा". रंग काळा, डोळे लाल. राहतो कुठं तर बर्फात, घनदाट जंगलात, अमेरिकेत. चित्रात पौर्णिमेचा चंद्र, टोकदार डोंगर आणि ख्रिसमसची झाडं. अरे बाबा तू जन्मल्यापासून माळ बघतोयस, खिडकीतून बाहेर बघ की! संपला तर काय बिघडेल याला सगळ्यात जास्त आलेलं उत्तर "काही नाही, शेळ्या वाचतील". समोर आला तर काय कराल याला "दगड" आणि "पळून जाईन" निम्मे निम्मे.

आता गंमत बघा. वर्गात धनगरांची दोन-तीन पोरं आहेत, वाडा (मेंढरांसकट फिरता मुक्काम) दिवाळीपर्यंत इकडं असतो तोवर शाळेत येतात, मग कोकणात उतरतात. त्यातल्या एका पोरीचा कागद जवळजवळ कोरा. मी तिला जवळ बोलवून तोंडी विचारलं तर ती थांबेचना. म्हणे गुरुजी, तो वारं तोंडावर घेऊन येतो, म्हंजी कुत्र्यास्नी वास लागत न्हाई. एक जण लांबनं मुद्दाम दिसतो, कुत्री भुकत त्याच्यामागं गेली की दुसरा उलट्या अंगानं मेंढरात शिरतो. कोकरू असलं तर उचलूनच नेतो, मोठं असलं तर नरडं धरतो. तिने काढलेला लांडगा बारीक पायाचा, मातकट, शेपटी खाली सोडलेला. चंद्र नाही, डोंगर नाही, पाठीमागं नुसती एक आडवी रेघ. तिला म्हटलं हे काय, तर म्हणे "माळ".

लेखी उत्तरावर ती नापास आणि ज्याने अमेरिका लिहिलं त्याचं अक्षर एक नंबर. मला विचारायचंय ते असं की पोरांच्या डोक्यात हे बर्फातलं जनावर येतं कुठनं, आणि पुढच्या तासाला मी नेमकं काय शिकवू. कुणी असं काही केलंय का?

चहाबाज | सोम, रात्री ९.३०

पहिला!! धागा भारी सर. चित्रं टाका ना इथे.

खडूफळा | सोम, रात्री ९.४१

पोरांची नावं आहेत त्यावर, नाव झाकून फोटो काढतो उद्या.

सांजवारा | सोम, रात्री १०.०५

कुठनं येतं काय विचारता, टीव्ही आणि मोबाइल. माझा मुलगा पुण्यात इंग्लिश मीडियमला पाचवीत आहे, त्याला लांडग्यांची खडान्‌खडा माहिती आहे, अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये १९९५ साली लांडगे परत आणून सोडले हे तो पाहुण्यांना ऐकवतो. परवा मी त्याला म्हटलं अरे आपल्या सासवड-बारामतीकडे पण असतात, तर चक्क हसला, म्हणाला आई ते डॉग्ज असतील. त्याला भीती अजिबात वाटत नाही उलट लांडगा त्याचा फेवरेट, टीशर्टवर पण आहे. म्हणजे तुमची पोरं घाबरतात आणि माझा प्रेमात आहे पण जनावर दोघांचं तेच, बर्फातलं.

पक्षीवेडा | सोम, रात्री १०.५२

सांजवाराताई, शेवटचं वाक्य अगदी बरोबर.

सर, तुम्हाला वर्गात उपयोगी पडेल असं थोडं लिहितो, मी सोलापूरचा, नान्नजच्या माळावर लहानपणापासून जातोय. आपला लांडगा हा युरोप-अमेरिकेतल्यापेक्षा बराच लहान, वजन साधारण १८ ते २५ किलो, म्हणजे गावठी कुत्र्यापेक्षा थोडा उंच आणि लांबट. हिवाळ्यातसुद्धा त्या बर्फातल्यांसारखी झुलपं नसतात. भारतातले सगळे मिळून दोन ते तीन हजारांच्या घरात धरले जातात, म्हणजे देशातल्या वाघांपेक्षा कमी. हे पोरांना सांगा, त्यांना वाघ दुर्मिळ माहिती असतो. कायद्यात पण तो पहिल्या परिशिष्टात आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात, वाघाच्याच रांगेत.

आणि हा जंगलातला प्राणी नाहीच, माळाचा आहे. त्यात पण त्याचं जनुकीय घराणं जगातल्या लांडग्यांमध्ये फार जुनं निघालंय. नान्नज परिसरातल्या लांडग्यांवर बिलाल हबीब यांनी पीएचडी केली, त्यात पिल्लांच्या बिळांचा छान अभ्यास आहे, माणसाची ये-जा वाढली की मादी पिल्लं एकेक करून तोंडात धरून दुसऱ्या बिळात हलवते. पिल्लं होतात डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला, ओढ्याच्या कपारीत नाहीतर चराच्या मातीत. नेमकं त्याच वेळी पोरं बोरं खायला माळावर हिंडतात. तेव्हा पिल्लं दिसली तर काय करायचं हा प्रश्न तुमच्या कागदात हवाच, आपल्याकडे बिळात धूर घालून मारायची खोड अजून गेलेली नाही.

कोरडवाहू | मंगळ, सकाळी ६.४८

राम राम. मी करमाळ्याचा. तुमचं सगळं वाचलं, छान आहे, पण "शेळ्या वाचतील" लिहिणारं पोरगं मला सगळ्यात शहाणं वाटलं. गेल्या साली माझी गाभण शेळी नेली, दारातनं नाही, रानातनं, भर दुपारी चारला. बायको पंचवीस पावलांवर खुरपत होती. शेळी म्हंजी आमचं एटीएम आहे साहेब, पोराची फी त्यातनं जाते. भरपाई मिळती म्हणतात, मिळती पण. मढं हलवायचं न्हाई, वेळेत कळवायचं, वनरक्षक येणार, जनावरांचा डॉक्टर येणार, पंचनामा होणार, तवर मढं कुत्री खाऊन गेली मग म्हणणार कुत्र्यानंच मारलं कशावरनं न्हाई. मी नाद सोडला. तवा पोराच्या घरी शेळ्या आहेत का ते बघून मग त्याच्या उत्तराला हसा.

खडूफळा | मंगळ, सकाळी ७.२०

दादा हसलो नाही, खरंच. तो मुलगा शेळ्यावाल्याचाच आहे. उलट मी विचार करतोय की घरचं नुकसान ज्याला माहितीय तो पण लांडगा काळाच का काढतो. नुकसान खरं आणि जनावर मात्र खोटं, असं कसं?

वाड्यावरचा | मंगळ, दुपारी १.१५

लंच ब्रेकमध्ये लिहितोय, चाकणला कंपनीत आहे. त्या पोरीबद्दल वाचलं आणि राहवलं नाही. मी वाड्यावरच वाढलो, फलटणकडचे आम्ही, दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाच्या आधी परत वर. चौथीपर्यंत माझी पण दुसरी सहामाही कधी झालीच नाही.

लांडग्याबद्दल आमच्यात कुणी "चांगला" म्हणत नाही आणि "वाईट" पण म्हणत नाही. आजा म्हणायचा त्याचा वाटा असतो. कळपामागं कळप जातो तसा तो पण मागं मागं येतो, आमच्याच मुक्कामावर त्याचा मुक्काम. मागं राहिलेलं, लंगडं, रोगट त्याच्या नजरेत आधी येतं, रोग लागलेलं मेंढरू त्यानं नेलं तर आजा चक्क बरं झालं म्हणायचा, बाकीच्यांना लागायचा नाही. पण याचा अर्थ आम्ही त्याला पाट मांडून जेवायला बसवतो असा नाही हां. रात्रभर आळीपाळीनं जागायचं, जाळीत मेंढरं, चार कोपऱ्याला चार कुत्री, बॅटरी. चांगलं नर कोकरू गेलं की आईच्या डोळ्यात पाणी यायचं, शिव्या पण भरपूर द्यायची.

लोक आता येऊन म्हणतात धनगर आणि लांडगा यांचं सहजीवन, फोटो काढतात, सहजीवन म्हंजी काय तर झोप नाही. हे पण शिकवा पोरांना.

आणि कोरडवाहू दादा, तुम्ही निदान गावात असता. आम्ही आज इथं उद्या तिथं, पंचनाम्याला माणूस येईस्तोवर वाडा दोन गावं पुढं गेलेला असतो. माझ्या घरात कुणी भरपाई घेतलेली मला आठवत नाही.

सांजवारा | मंगळ, दुपारी १.५०

"सहजीवन म्हंजी काय तर झोप नाही" __/\__

लखनौकर मराठी | मंगळ, सायं ६.३०

मी बँकेत आहे, पोस्टिंग यूपीत. थोडं वेगळं लिहितो, गैरसमज नसावा. २०२४ च्या जुलैपासून बहराइच जिल्ह्यात महसी तहसिलीत जे झालं ते बातम्यांत वाचलं असेलच, दोन महिन्यांत आठ-नऊ जीव गेले, त्यात बहुतेक लहान मुलं, रात्री अंगणात किंवा दार नसलेल्या घरात झोपलेली. वनखात्याने ड्रोन लावले, पिंजरे लावले, शेवटी रंगीत बाहुल्या लहान मुलांच्या लघवीत भिजवून नदीकाठी आमिष म्हणून ठेवल्या. पाच पकडले, सहावा ऑक्टोबरमध्ये गावकऱ्यांनीच मारला. २०२५ मध्ये त्याच जिल्ह्यात पुन्हा सुरू झालं. १९९६ साली पण पूर्व यूपीत असाच काळ आला होता. तेव्हा "लांडगा माणसाला काही करत नाही" असं सरसकट वर्गात सांगू नका प्लीज. उद्या एखादं पोरगं सेल्फी घ्यायला जाईल.

पक्षीवेडा | मंगळ, सायं ७.१८

मुद्दा मान्य, आणि कुणी असं सांगूच नये. पण बहराइचची गोष्ट बहराइचसकट सांगायला हवी. घाघरेचं पुराचं खोरं, अठराविश्वे दारिद्र्य, दार नसलेली घरं, उसात लपायला जागा. आपल्या पुणे-सोलापूर-नगर पट्ट्यात लांडगा पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांच्या मागे आहे, धनगराची पोरं उघड्यावर झोपतात, तरी मुलं उचलायची अशी मालिका इकडे ऐकिवात नाही. आपल्याकडे खरी भीती पिसाळलेल्या लांडग्याची. तो दिवसाढवळ्या गावात शिरतो, दिसेल त्याला चावत सुटतो. हे मात्र पोरांना पाठ करून घ्या, चावा बसला की साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी लस, हळद-चुना नाही, चाव्यातून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं सिरम पण लागतं.

आणि हा पिसाळण्याचा रोग येतो कुठून तर बहुतेक वेळा आपल्याच मोकाट कुत्र्यांकडून. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा दुसरा रोग, तो पण तसाच. शिवाय संकर. पुण्याच्या आसपास लांडगा-कुत्रा संकर होतोय हे २०२३ मध्ये डीएनए तपासून सिद्ध झालंय. हॉटेलमागचा आणि पोल्ट्रीचा कचरा माळावर टाकायचा, त्यावर कुत्री वाढणार आणि लांडगा पण तिथंच येणार, मग दुसरं काय होणार.

चहाबाज | मंगळ, रात्री ८.०२

पोल्ट्रीवाल्यांना कोण शिकवणार पण, ते काय सातवीत नाहीत 😄

लाइपझिगकर | मंगळ, रात्री ११.४०

इकडून थोडी भर. आमच्या जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यात लांडगे पार संपले होते, दीडशे-एक वर्षांनी पोलंडकडून परत आले आणि २००० साली लाउझित्स भागात पहिली पिल्लं झाली. आता देशभरात दोनशेच्या वर टोळ्या आहेत. लेकीच्या प्राथमिक शाळेत लांडग्याचा प्रकल्प होता, घरी प्लास्टरमधला पंजाचा ठसा घेऊन आली, अजून फ्रिजवर आहे. पोरांना सगळं माहिती असतं, कुंपणाला किती उंच विजेची तार लागते इथपर्यंत.

पण म्हणून भांडण मिटलंय असं समजू नका. शेजारची आजी अजून एकटी रानात जात नाही आणि मेंढपाळ ट्रॅक्टर घेऊन मोर्चे काढतात. २०२२ मध्ये युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष फॉन डेर लायेन यांचं तट्टू लांडग्याने मारलं, आणि २०२५ मध्ये युरोपात लांडग्याचं संरक्षण एक पायरी खाली आलं. लोक दोन्हीचा संबंध लावतात, मी काही बोलत नाही. सांगायचं इतकंच की इथल्या पोरांच्या घरी मेंढरं नाहीत, त्यामुळे त्यांना लांडगा आवडणं स्वस्तात पडतं.

कोरडवाहू | बुध, सकाळी ६.१५

लाइपझिगकर, शेवटची ओळ लाखाची.

सोलापुरी शेंगाचटणी | बुध, सकाळी १०.३३

कुणीच झाडांवर बोललं नाही म्हणून बोलते. मी पण शिक्षिका, हरित सेनेचं काम माझ्याकडे. राज्यात २०१९ ला ३३ कोटी झाडांचं टार्गेट होतं तेव्हा आम्हाला पण आकडा आला, मोकळी जागा शोधा म्हणून, आणि मोकळी जागा म्हणजे कुठली तर माळ. पोरांना रांगेने नेलं, खड्डे खणले, गिरीपुष्प, करंज लावले, फोटो अपलोड केले. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक जमीन. पावसाळ्यात सीडबॉल (बियांचे मातीचे गोळे) टाकायला तर शहरातून बस भरून येतात लोक.

मग पक्षीवेडा म्हणतात तसा लांडगा माळाचा प्राणी, चिंकारा-ससा माळावरचा, मेंढरं माळावर, आणि आपण पोरांकडून त्याच माळावर झाडं लावून घेतो वर पर्यावरण दिनाचं सर्टिफिकेट देतो. पोरांना लांडगा जंगलात राहतो असं वाटतं याचं आश्चर्य कशाला? आपणच त्यांना शिकवलंय की झाडं असतील तोच निसर्ग आणि गवत म्हणजे काहीच नाही. सर, त्या पोरीने मागं आडवी रेघ काढली ना, माळ म्हणून, बाकीच्या सगळ्या वर्गात तेवढी एक रेघ नव्हती.

पक्षीवेडा | बुध, सकाळी ११.१०

ताई, शंभर टक्के. माळढोक पक्ष्यासाठीच्या अभयारण्याचंच बघा, १९७९ ला झालं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, नंतर कापून बाराशेवर आणलं. आता उरलेल्या माळांवर सोलर. सौरऊर्जेला विरोध नाही पण "ओसाड जागा" बघून लावलाय म्हणतात तेव्हा डोकं फिरतं.

उनाड | बुध, सकाळी ११.४४

पण मग झाडं लावायचीच नाहीत का? उष्णता केवढी वाढलीय. सोलापुरात ४४ डिग्रीत राहून बघा एकदा.

सोलापुरी शेंगाचटणी | बुध, दुपारी १२.०५

राहतेच आहे की बाबा सोलापुरात 😀 लावा ना, रस्त्याकडेला लावा, बांधावर लावा, शाळेच्या आवारात लावा. माळ सोडा फक्त. यंदा आम्ही मुख्याध्यापकांना पटवून आमची रोपं झेडपीच्या रस्त्यालगत लावली. आकडा तोच भरला.

चहाबाज | बुध, दुपारी १२.३०

सर चित्रं???

खडूफळा | बुध, रात्री ९.२५

चित्रं खाली टाकलीत. आडव्या रेघेचं शेवटी आहे.

सगळ्यांचं वाचून पुढचा तास असा करायचा विचार आहे, चुकत असेल तर सांगा. पुस्तक बंद. पोरांना माळावर नेणार, सकाळच्या वेळी, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. परवा पाऊस झालाय त्यामुळे ओढ्याच्या ओल्या मातीत ठसे मिळतील, कुत्र्याचे तर नक्की, जमलं तर लांडग्याचे, मधली दोन बोटं पुढं आलेली आणि चाल सरळ रेषेत, तेवढं मला पण ओळखता येतं. कडबनवाडीला वनखात्याची गवताळ सफारी सुरू झालीय पण तिथं सगळा वर्ग न्यायला गाडीचा खर्च कोण देणार, आणि आपल्याच माळावर फुकटात होतंय तर कशाला.

दुसरं, शेळ्यावाला मुलगा आणि वाड्यावरची ती मुलगी, दोघांना बोलायला उभं करणार, दोघांच्या घरचं नुकसान सारखंच आहे, पण बोलणं वेगळं येईल असा अंदाज. मी मधे बोलणार नाही. आणि कागदातला प्रश्न बदलतोय. "लांडगा संपला तर काय बिघडेल" हे पोरांना परीक्षेचं वाटतं, त्यावर एक तर शेळ्या वाचतील येतं नाहीतर जैवविविधता धोक्यात येईल असं रटाळ वाक्य येतं. त्याऐवजी विचारणार, रात्री मेंढरांत लांडगा शिरू नये म्हणून तू काय काय करशील. यात लांडग्याची सवय माहिती असल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

वाड्यावरचा दादा, तुमच्याकडचं कुणी जाणतं माणूस शाळेत येईल का? हार-नारळ आमच्याकडून.

वाड्यावरचा | गुरु, दुपारी १.०८

चुलते सध्या तुमच्या तालुक्यातच आहेत, नंबर व्यनि (खाजगी निरोप) केलाय. पण सर हार-नारळ नको, खुर्चीवर बसवलं तर म्हातारा दोन वाक्यांत उठेल. तुम्ही पोरांना घेऊन दुपारी तीननंतर जावा, मेंढरं चरत असतात, तेव्हा तो काठीवर रेलून तासभर बोलेल. फक्त लांबूनच हाक मारा, कुत्री अनोळखी माणसाला सोडत नाहीत, आणि पोरांना सांगा पळायचं नाही. त्या पोरीला पुढं ठेवा, तिला माहिती असणार कसं जायचं ते.

कोरडवाहू | गुरु, सायं ७.५५

आणि गुरुजी, भरपाईचा अर्ज कसा भरायचा ते पण घ्या एक दिवस. मढं झाकायचं कसं, फोटो कुठनं काढायचा, कुणाला फोन करायचा. आमच्या घरात सातवीतल्या पोरालाच मोबाइल कळतो.

खडूफळा | गुरु, रात्री ८.३१

हे डोक्यातच आलं नव्हतं. घेतो. कुणाकडे अर्जाचा मराठी नमुना असेल तर इथं डकवा, वर्गापुरत्या झेरॉक्स काढतो.